पाच मापांची खोकी

३ फेब्रुवारी

प्रिय ठेंगू,

तुझं पत्र पोचलं. दोनच ओळी असल्या तरी पत्र ते पत्रच, म्हणून दुपारच्या सुट्टीत मशीन बंद असताना उत्तर लिहायला बसले आहे. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी पहिल्याच वाक्यात काहीतरी वाकडं बोलेन, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. कागदावर निदान खोडता येतं.

तर तुमचा घरमालक घर विकतोय, आणि भाडेकरू म्हणून त्याने आधी तुला विचारलंय. एप्रिलच्या अखेरीपर्यंत पैसे दिलेस तर वरच्या दोन खोल्या आणि खालची तुझी वाद्यं दुरुस्त करायची खोली तुझी. नाहीतर बायको, मुलगी आणि सगळी तारा-लाकडं घेऊन बाहेर. म्हणून बाबांचं घर विकून आलेल्या रकमेतला तुझा वाटा तुला हवा आहे. समजलं. ‘ताई, सल्ला नको, वाटा हवा’ हेही समजलं. चार वर्षांपूर्वी तू कारखान्याच्या दारात उभा राहून हेच म्हणाला होतास. तेव्हा मी म्हटलं होतं, घर घेशील त्या दिवशी माग, त्या दिवशी देईन. आता तू मागतो आहेस. मी काही विसरलेली नाही.

काळजी करू नकोस. तुझा वाटा मी पाच वेगवेगळ्या ठिकाणी विभागून ठेवला आहे. एकाच जागी सगळं ठेवायचा अडाणीपणा मी केलेला नाही. तू बँक म्हणाला होतास ते आठवतंय, पण बँकेत पैसे नुसते लोळत पडतात. तिन्हीत्रिकाळ लोळत पडलेली माणसं मला आवडत नाहीत, तसे पैसेही नाहीत. सध्या बाजार जरा खालीवर आहे. एप्रिलला अजून वेळ आहे.

तू गेल्यावर इथे एका पानाचं वेड आलं, ते तुझ्या कानावर आलं असेल. चांदणपान म्हणतात त्याला. हिरव्या पानावर पांढरे डाग, जणू कोणी दूध शिंपडलंय. आधी दोन-चार हौशी लोकांकडे होतं, मग खिडकीखिडकीत दिसायला लागलं. त्याला खास दिव्याचा उजेड लागतो, जांभळट गुलाबी. संध्याकाळी रस्त्याने चाललं की दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून तोच उजेड खाली सांडलेला असायचा, आणि आपण पाण्याखालून चालतोय असं वाटायचं. माणसं हळू बोलायची. दुकानदार सुटे पैसे परत देताना मधेच थांबून हसायचे, कारण घरी एक पान उलगडत होतं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा भाव वाढणार होता. एका पानाला कामगाराचा वर्षाचा पगार मिळालेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

मी एकही पान घेतलं नाही. एकही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

तुझी मुलगी आता बोलत असेल. कोणावर गेली आहे?

ताई

१४ फेब्रुवारी

प्रिय ठेंगू,

‘पाच ठिकाणी म्हणजे कुठे?’ एवढंच लिहिलंस. मुलीचं काही नाही. ठीक आहे.

ऑफिसातली भिंत तुला आठवते का? बाबा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाचं एक खोकं न जोडता, सपाट तसंच खिळ्याला लटकवायचे. ऑर्डर परत आली की त्यावर पेन्सिलीने एक रेघ. कोणाची किती ऐपत, कोण टिकणार, कोण बुडणार, हे बाबा त्या रेघांवरून सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. लहानपणी तू त्या खोक्यांच्या मागे लपायचास. नुसते पाय दिसायचे.

बाबांची दुसरी शिस्तही तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाला लांबी, रुंदी, उंची आणि वजन विचारायचं, बाकी काही नाही. आत काय आहे ते त्याचं, बाहेरचं आपलं. मी ती शिस्त पाळली. कारखाना माझ्या हातात आला त्या दिवसापासून आजपर्यंत कोणालाही आत काय म्हणून विचारलेलं नाही.

तर बाबांचं घर विकलं गेलं तेव्हा माझ्या वाट्याबरोबर तुझाही वाटा कुठे लावायचा म्हणून मी भिंतीसमोर उभी राहिले. हिशेबनीस काका बरोबर होते. तू गेल्यावर ते आमच्याकडे लागले. सगळे त्यांना जपूनकाका म्हणतात, कारण जिना उतरणाऱ्या माणसालाही ते वरून ‘जपून, जपून’ करत असतात. त्यांनी सांगितलं, वेगवेगळ्या धंद्यांत घाला, म्हणजे एक बसला तरी दुसरा उभा राहील. मी म्हटलं, वेगवेगळे कशाला शोधायचे, भिंतीवर आहेतच. ज्यांच्यावर सगळ्यांत जास्त रेघा होत्या ती चार मापं निवडली. चौकोनी उंच खोकं, ते काचेच्या कारखान्याचं. लांबट अरुंद, ते दिव्यांच्या कंपनीचं. पुस्तकासारखं पातळ, ते छापखान्याचं. आणि सगळ्या आकारांची खोकी मागवणारी मालवाहतूक कंपनी. या चौघांचे शेअर घेतले. पाचवा भाग गावाबाहेरच्या जमिनीत. काच, दिवे, कागद, गाड्या, जमीन. यापेक्षा वेगळं ते काय असणार? जपूनकाकासुद्धा म्हणाले की हे अगदी जपून केलंत.

आणि ते वाढलं. पहिल्या वर्षी शंभराचे एकशेतीस, दुसऱ्या वर्षी एकशेसत्तर. मागच्या दिवाळखोर डिसेंबरात, म्हणजे तेव्हा तो दिवाळखोर वाटत नव्हता, दोनशेदहा. मी मनात ठरवलं होतं की तू मागशील त्या दिवशी दुपटीने तुझ्या हातात ठेवायचे आणि एक शब्द बोलायचा नाही. न बोलता जिंकायचं होतं मला.

त्या पानाचे भाव जानेवारीत पडले. पण त्याचा आपल्याशी काय संबंध, असं मला वाटलं. पुढचं पुन्हा लिहीन. मशीन चालू करायची वेळ झाली.

ताई

२८ फेब्रुवारी

प्रिय ठेंगू,

मागच्या पत्रात मशीनचं खोटं लिहिलं. त्या दिवशी मशीन चालू करायला ऑर्डरच नव्हती. आजही नाही.

जानेवारीतला दुसरा मंगळवार. बाजाराच्या मोठ्या खोलीत दर मंगळवारी पानांचा लिलाव व्हायचा. मी गंमत बघायला म्हणून मागे उभी होते, खिडकीशी. हवा चांगली होती. कोणी वाईट बातमी आणली नव्हती, कुठे काही बंद पडलं नव्हतं, रोग आला नव्हता. लिलाववाल्याने एक रोप वर धरलं आणि भाव पुकारला. कोणीच बोललं नाही. त्याने हसून पुन्हा पुकारला. मग खाकरला, पाणी प्यायला, थोडा कमी भाव पुकारला. दीडशे माणसं बसलेली, आणि त्या खोलीत रोपाच्या पानावरून थेंब पडला तो मला ऐकू आला. जणू सगळे एकाच झोपेत होते आणि कोणीतरी कूस बदलली. तेवढंच. लोक उठून जायला लागले तेही हळूच, झोपलेल्याला जाग येऊ नये तसे.

मी घरी येताना शीळ घालत आले, ठेंगू. हे तुला सांगायला हवं. मला वाटलं, बरी खोड मोडली सगळ्यांची.

गुरुवारी काचेचा शेअर निम्म्यावर आला. शुक्रवारी दिव्यांचा. सोमवारी छापखान्याने आमची ऑर्डर रद्द केली आणि त्यांचा भाव पाहायचं धाडस मला झालं नाही. मंगळवारी वाहतूक कंपनी. जमिनीचा भाव रोज छापून येत नाही म्हणून तिच्यावर माझा जीव होता. विकायला काढली तर दलाल फोनवर नुसता ‘हं’ म्हणाला.

मला कळेना. पाच धंदे, पाच गल्ल्या, पाच मालक, एकमेकांना न ओळखणारे. सगळे एकाच आठवड्यात कसे झोपले? मी भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. शिलाईच्या मशीनवरच्या मावशी तुला माहीत आहेतच, तुला लहानपणी खळीच्या बादलीतून ज्यांनी बाहेर काढलं त्या. काम नसल्यामुळे त्या झाडत होत्या. मी मोठ्याने म्हटलं असणार, काच आणि कागद यांचा एकमेकांशी काय संबंध.

“पानाचा,” मावशी म्हणाल्या. झाडू थांबवलासुद्धा नाही.

मी वळून पाहिलं.

“काच म्हणजे पानावर झाकायचे घुमट. दिवे पानाला उजेड द्यायचे. छापखान्यात पानांच्या भावांचं पुस्तक छापायचे, दर आठवड्याला. गाड्या रोपं पोचवायच्या. आणि तुमच्या जमिनीशेजारी ती काचघरं उभी राहिली ना, पानांचीच. माझी मुलगी तिथेच पॅकिंगला होती.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“आत काय आहे ते विचारायचं नाही म्हणून मोठ्या मालकांनीच शिकवलं,” मावशी म्हणाल्या. “आणि मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे म्हणूनच तुम्ही त्यात पैसे घातलेत.”

त्यांनी केर सुपलीत भरला आणि गेल्या. चार वर्षं मी दिवसातून दहा वेळा त्या भिंतीसमोरून जात होते. लांबी, रुंदी, उंची सगळी वेगळी होती रे. मी मापं पाहिली.

त्यानंतर एकदा स्वप्न पडलं. मोठं तळं, त्यावर पाच खोकी पाच कोपऱ्यांत तरंगत होती, एकमेकांपासून लांब. वारा आला आणि पाचही एकदमच वळली. भीती वाटली नाही, सुंदर दिसत होतं ते. जाग आल्यावर भीती वाटली.

तुझ्या शंभरातले किती उरले, ते या पत्रात लिहायला बसले होते. जमत नाही. तू विचार, मग सांगेन.

ताई

१७ मार्च

प्रिय ठेंगू,

‘किती उरले?’ असं विचारलंस. सव्वीस. शंभरातले सव्वीस. माझेही तितकेच, पण तो विषय नाही.

आधी जे राहिलंय ते सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी तू सह्या करून कागद पाठवलेस, त्यांच्याबरोबर एक चिठ्ठी होती. ‘माझा वाटा फक्त बँकेत ठेव. कमी वाढला तरी चालेल.’ ती चिठ्ठी मिळालीच नाही, असं मी या पत्रांच्या सुरुवातीला लिहिणार होते. मग तू बँक म्हणाला होतास ते आठवतंय असं लिहून बसले, म्हणजे खोटंही धड जमलं नाही. चिठ्ठी मिळाली होती. वाचली होती. वाचून मला राग आला होता, की काल गेलेला मुलगा मला शहाणपण शिकवतोय. पैसे बुडले ती बाजाराची करणी असेल, पण तुझा शब्द डावलला ती माझी. दोन्हींची गाठोडी मी इतके दिवस एकत्र बांधत होते.

आता पुढचं. गेल्या दोन आठवड्यांत भाव थोडे वर आलेत. सव्वीसचे एकोणतीस झाले. जपूनकाका म्हणतात की थांबा, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पन्नास होतील. त्यांच्यावर किती विसंबायचं ते तूच बघ. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतःची सगळी रोपं ‘आता फार झालं’ म्हणून विकून टाकली होती. लोक त्यांना हसले. नंतर भाव तिप्पट झाला, काकांची झोप उडाली, बायकोने दोन वर्षं ऐकवलं, आणि गेल्या नोव्हेंबरात त्यांनी सगळं परत घेतलं, तिप्पट भावाने. म्हणजे पहिल्यांदा बरोबर होते तेव्हा लवकर होते, आणि चुकले तेव्हा अगदी वेळेवर.

मी रोपवाटिकेच्या बाईंकडेही गेले. नदीकडच्या उतारावर त्यांची वाटिका आहे. पान पहिल्यांदा विकलं ते त्यांनी, आणि विकायचं बंद केलं तेही सगळ्यांच्या आधी, दोन वर्षं आधी. दुपारी गेले तेव्हा त्या धुक्यासारख्या फवाऱ्यात उभ्या होत्या, नुसती त्यांची टोपी दिसत होती. लोकांनी टाकून दिलेली चांदणपानं त्यांनी कुंपणाशी आणून ठेवली आहेत. उन्हात राहून बरीचशी परत साधी हिरवी झाली आहेत. बाईंनी सांगितलं, पांढऱ्या भागाला स्वतःचं अन्न करता येत नाही, हिरवा भाग त्याला पोसतो. मी विचारलं, हे सगळं पडणार हे तुम्हाला दोन वर्षांपूर्वी माहीत होतं?

“पडणार हे माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “कधी ते नव्हतं. दोन वर्षं मी शहाणी होते आणि माझं दुकान रिकामं होतं. तेवढ्यात माझी दोन माणसं सोडून गेली. ‘कधी’ माहीत नसेल तर नुसतं माहीत असून काय करायचं?”

मी विचारलं, आता वर जाईल का? त्यांनी माझ्याकडे, लहान मुलाने चंद्र मागितल्यावर बघतात तसं बघितलं आणि पाण्याचा नळ बंद केला.

म्हणजे कोणालाच माहीत नाही. मला तर नाहीच.

आपल्याकडे दोन वाटा आहेत. आत्ता विकलं तर एकोणतीस हातात. थांबलं तर पन्नास होतील, किंवा दहा. याशिवाय मोठी कटिंग मशीन मी विकायला काढली आहे. स्टेशनपलीकडचा खोकीवाला, बाबांचा तो जुना दुष्मन, घ्यायला तयार आहे. याच हिशेबात तिचे पस्तीस येतील, ते तुझेच. नको म्हणू नकोस, ही मशीन बाबांची म्हणून नव्हे, माझी म्हणून विकते आहे.

आत्ता विकायचं की थांबायचं ते तू ठरव. माझं मत लिहिणार नाही. लिहिलं तर तू त्याच्या उलट करशील, किंवा त्याहून वाईट म्हणजे तसंच करशील. बायकोशी बोल. महिनाअखेरपर्यंत कळव.

ताई

११ एप्रिल

प्रिय ठेंगू,

तुझं ‘विक’ एकतीस तारखेला दुपारी मिळालं. एका शब्दासाठी तू अख्खं पाकीट वापरलंस, आणि पाकीट व्यवस्थित चिकटवलंस. मी एक तारखेला सकाळी जाऊन सगळं विकलं, जमिनीसकट. दलाल म्हणाला, आठ दिवस थांबा बाई. मी म्हटलं, ज्याचं आहे त्याने विक म्हटलंय. असं वाक्य मी याआधी कधी उच्चारलं होतं असं मला आठवत नाही. तोंडात जरा वेगळं लागलं.

आता जे झालं तेही लपवत नाही. विकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून भाव चढतोय. जपूनकाका रोज येऊन दारातूनच आकडा सांगतात, आवाजात शोक आणि आनंद अर्धा अर्धा. आज सदतीस आहे. तुला वाटत असेल की मी ‘बघ, थांबला असतास तर’ असं म्हणेन. लेखणी उचलली तेव्हा मलाही वाटलं की म्हणेन. पण मनात शोधलं तर ते वाक्य सापडलं नाही. उद्या सत्तर होईल किंवा सात, आणि दोन्ही दिवशी काका दारात उभे असतील.

मशीन आठ तारखेला गेली. सहा माणसांनी, दोरांनी आणि शिव्यांनी ती बाहेर काढली. दुष्मन स्वतः आला होता. म्हातारा झालाय. मशीन गाडीवर चढल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला की तुझ्या बाबांनी ही घेतली तेव्हा मी आठवडाभर जेवलो नव्हतो. मग म्हणाला, तिला कुठलं तेल लागतं? मी सांगितलं.

आता मधली सगळी जागा मोकळी आहे. सकाळी वरच्या झरोक्यांतून ऊन येतं ते आधी मशीनवर अडायचं, आता थेट दारापर्यंत येतं, आणि पुठ्ठ्याची धूळ त्यात इतकी सावकाश फिरत असते की मी दोनदा काम सोडून बघत बसले. आवाज नाही त्यामुळे आपण कुठे दुसरीकडेच आलोय असं वाटतं. दोन कामगार दुष्मनाकडे लागले, मशीनबरोबरच गेले म्हण. मावशी राहिल्या आहेत. आम्ही हाताने छोटी खोकी करतो, चष्म्यांची, औषधांची. नवीन गिऱ्हाईक आलं की मावशी आता बिनधास्त विचारतात, “आत काय घालणार?” चष्मेवाला बिचारा गोंधळला. चष्मा म्हणाला.

एकोणतीस आणि पस्तीस मिळून चौसष्ट झाले. काल तुझ्या खात्यात भरले. शंभराला छत्तीस कमी आहेत. ते कुठून आणायचे मला माहीत नाही, ठेंगू. माझे जे उरले होते ते कामगारांचे पगार आणि पुठ्ठेवाल्याची थकबाकी यांत गेले. तुला घर मिळेल की नाही ते आता माझ्या हातात नाही. इतके दिवस सगळं माझ्या हातात आहे असं मला वाटायचं, तेव्हा यापेक्षा बरी झोप लागायची, एवढंच.

ताई

२३ एप्रिल

प्रिय ठेंगू,

काल तू फोन केलास. इतक्या दिवसांनी तुझा आवाज ऐकला आणि मी काय बोलले? ‘हो’, ‘बरं’ आणि ‘पाऊण तास झाला, बिल वाढेल’. म्हणून हे पत्र.

तू म्हणालास की उरलेल्या छत्तीसांसाठी बँक कर्ज देते आहे, बारा वर्षांचं. मी हिशेब केला. फेडून होईल तेव्हा मुलगी पंधरा वर्षांची असेल. तेवढी वर्षं तू महिन्याला दोन-तीन वाद्यं जास्त दुरुस्त करणार, म्हणजे संध्याकाळीही खाली बसणार. ते माझ्यामुळे. हे मी फोनवर म्हणायला हवं होतं. तू मात्र खालच्या खोलीबद्दल सांगत होतास, की आता घर आपलं म्हटल्यावर तिथली खिडकी मोठी करता येईल, लाकडाचा रंग दिवसा उजेडात बघता येईल. मी डोळे मिटून ऐकत होते. मला ती खोली दिसायला लागली होती. मी पाहिलेली नाही, तरी.

मग तू म्हणालास, “राग गेला असं मी म्हणणार नाही ताई. आहे. पैसे गेले त्याचाही आहे. पण तुला एक सांगू का? तू मला विचारलं असतंस, काच, दिवे, जमीन, असं सगळं समोर ठेवून, तर मी कदाचित हो म्हटलं असतं.”

त्यावर मी ‘बरं’ म्हटलं. त्याच्यानंतर रात्रभर, आणि आज दिवसभर, मी ते वाक्य ऐकते आहे. आज चष्म्यांची दोन खोकी उलटी चिकटवली.

हो म्हटलं असतंस. तेव्हा पैसे गेले असतेच. पानाला कोणी बोली लावली नसती, तो मंगळवार आलाच असता. पण मग आपण दोघांनी मिळून घालवले असते. तू मला फोनवर शिव्या दिल्या असत्यास, मी तुला, आणि मुलगी झाली तेव्हा मला मावशींच्या तोंडून कळलं नसतं. चार वर्षांत मी भाव रोज पाहिला आणि हे एकदाही हिशेबात धरलं नाही.

फोन ठेवताना मागून तिचा आवाज आला. कोण आहे, म्हणून ती विचारत होती, आणि तू आत्या म्हणालास. ती म्हणाली, “कुठली?” तू हसलास, पण प्रश्न बरोबर होता.

तर घराच्या कागदांवर अठ्ठावीस तारखेला सह्या आहेत, साक्षीदार लागतो, आणि तुझी बायको म्हणते आहे की मी दोन दिवस राहायला यावं. तू म्हणालास, ये, पण काही सुचवू नकोस. येते. सुचवणार नाही. खिडकीबद्दल मला एक गोष्ट वाटते, पण ती मी घरीच ठेवून येईन.

मावशी चावी सांभाळणार आहेत. सत्तावीसच्या संध्याकाळी निघते. गाडी सकाळी सव्वानऊला पोचते असं तिकिटावर आहे. पत्ता पाकिटांवरून पाठ झालाय, विचारत विचारत आले तरी सापडेल, आणि तुला कामाच्या दिवशी तंगडतोड कशाला, असं मी लिहून ठेवलं होतं. ते खोडलं.

स्टेशनवर येशील का?

ताई